कल्ल्याचा फोटो

राग अजून उतरला नाही, म्हणून लिहितो. चौथी शिकलेल्या माणसाचं लिहिणं आहे, वाचायचं तर वाचा.

आमच्या मच्छीमार सोसायटीचा मासा पहाटे तलावातून निघतो. बर्फ नाही. ऊन तापायच्या आत ऊर्जानगरच्या क्वार्टरांत पोचला तर मासा, नाही तर खत. म्हणून आम्ही मोबाईलवर दुकान उघडलं. बायांनी घरूनच फोटो पाहायचा, मासा सांगायचा, मग आमची गाडी निघायची. राजुऱ्याच्या एका कम्प्युटरवाल्यानं ते करून दिलं.

आमच्याकडे मासा कोणी वरवर पाहून घेत नाही. विकणाऱ्यानं अंगठ्यानं कल्ला उचलायचा, आतला लालभडक रंग दाखवायचा, मगच भावाची गोष्ट. म्हणून मी डोक्याला दुपट्टा बांधून तलावाच्या पाळीवर उभा राहिलो आणि रोहूचा कल्ला उचलून फोटो काढवला. मागे अख्खा तलाव. झकास आला.

पण बायांच्या मोबाईलवर तो उघडेचना. बाया फोन करत, "भाऊ, नुसतं चक्कर फिरून राह्यलं. मी कोंबडी आणली."

रोज सकाळी मासा पाळीवरच वास मारू लागला. खड्डे खणून पुरला आम्ही तो.

राजुरा गाठलं. कम्प्युटरवाल्यानं टिचकी मारली, फोटो चटकन उघडला. "इथी तर उघडून राह्यला, भाऊ. तुमच्याकडे नेटवर्कच नाई."

"मंग सगळे मासे तूच घेतं का?"

कुरकुरत त्यानं फोटो दाबून हलका केला. घरी येऊन पाहतो तर लाल कल्ला तपकिरी, चिंध्या जोडल्यासारखा! ताजा मासा शिळा करून ठेवला हरामखोरानं. असा मासा मी जन्मात विकला नाही.

शेवटी सुनेनं मोबाईल हाती घेतला. "मामाजी, मूळ फोटोतला कल्लाच ठेवू, मोबाईलच्या काचेएवढा. बाकीचं कापू. मंग रंग दाबा लागत नाई."

"बाकीचं म्हंजे?"

"आभाळ. तलाव. अन् तुमी."

"मी जड झालो?"

"फोटोले झाले, मामाजी."

भांडलो. जेवलो नाही. याच तलावात जाळं टाकता टाकता म्हातारा झालो, अन् मलाच बाहेर काढते! पण पहाटे टोपल्यात रोहू तडफडत होते आणि गाडी रिकामी उभी होती. म्हटलं, काप.

तिनं कापलं, चढवलं. टोपलं भरेस्तोवर फोन वाजला. "भाऊ, लगेच उघडलं! रोहू ठेवा माह्यासाठी. अन् तो अंगठा कोनाचा हाय? नख कापत जा म्हना त्याले."

मी फोन सुनेच्या हातात दिला. माझ्या तोंडून शिवी निघाली असती.

नख मी कापलेलं नाही. कल्ला कशानं उचलू?