खालची मेणबत्ती

खालची मेणबत्ती विझली आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी अजून काही ओतलंच नव्हतं.

माझा धंदा लग्नातल्या ढगांचा. नवरा-नवरी ढगातून चालत येतात ना, तो ढग मी ड्राय आइस गरम पाण्यात टाकून करते. ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. त्याचं पाणी होत नाही, थेट गॅस होतो. सीझन नसला की हेच सामान घेऊन शाळांत स्थायू, द्रव, वायू शिकवते. धंदा एकटीने उभा केलाय. कुणाच्या बापाच्या जिवावर नाही.

मुलुंडच्या त्या शाळेत गच्ची ठरली होती. ऐन वेळी कविता मॅडम, तिथल्या कोऑर्डिनेटर, मला तळघरातल्या एसी रूममध्ये घेऊन गेल्या.

"मॅडम, दार तरी उघडं राहू दे."

"ढग बाहेर जातो हो ताई. व्हिडिओ पालकांना पाठवायचाय."

"मग माल निम्माच टाकते."

"मग रेटही निम्मा घ्या!"

माझं डोकं फिरलं. दार मी स्वतः उघडून ठेवलं. माझी पाठ वळताच बाईंनी ते लावून घेतलं.

माझ्या लाकडी स्टँडच्या तीन पायऱ्यांवर तीन मेणबत्त्या लावल्या होत्या. हा गॅस दिसत नाही आणि हवेपेक्षा जड असतो. जगमधून ओतला की तळाशी बसतो आणि खालची ज्योत आधी विझते. इथे ती आपोआप विझली. म्हणजे मघाशी केलेल्या ढगाचा गॅस जमिनीलगत साचला होता. लग्नात सगळे उभे असतात, गॅस गुडघ्याखाली राहतो. इथे तिसरीची मुलं सतरंजीवर मांडी घालून बसली होती. त्यांची नाकं मधल्या मेणबत्तीच्या उंचीला. आणि मधली ज्योत बारीक होत होती.

ओरडले असते तर दारात चेंगराचेंगरी झाली असती.

"उभे राहा सगळे! हात घट्ट धरा. आता तुम्ही कोण?"

"स्थायू!"

"हात सोडा. घसरत घसरत दाराकडे. आता?"

"द्रव!"

मी लाथेने दार उघडलं. "आणि वायू काय करतो?"

"पसरतो!"

"मग पळा वर, मैदानात!"

पोरं पळाली. एक मुलगी तशीच बसून होती, डोळे अर्धे मिटलेले. उचलली तर मान माझ्या खांद्यावर पडली. "बाळा, नाव सांग गं." जिना संपता संपेना. मैदानात ती ओकली, मग भोकाड पसरून रडली. तेव्हा कुठे मी मातीत बसले.

डॉक्टरांनी तपासलं, ठीक निघाली. कविता मॅडम म्हणाल्या, "एवढा तमाशा कशाला, ताई?" पालकांना कळवलं की व्हेंडर शो अर्धवट टाकून गेली. ते अजून डोक्यात आहे.

पुढच्या वर्षी घाटकोपरचा एक जण माझ्याहून स्वस्तात तो शो घेणार असं कळलं. मी त्याला फोन केला, सगळं सांगितलं.

तो हसला. "धंदा गेला म्हणून घाबरवताय काय, ताई?"

"शो तूच कर. फक्त दार उघडं ठेव आणि पोरांना बाकावर बसव."

धंद्यातली अक्कल मी फुकट देत नाही. ही एवढी दिली.