हातावरची भाकरी

माझी गुणाबाई आत्या खारबावची. पासष्टी ओलांडलेली, काटक आणि तोंडाने फटकळ. आमच्या आगरी गावांत लग्नाच्या हळदीला तांदळाच्या भाकऱ्या लागतात, त्याही ढिगाने, आणि त्या करायला घरोघरच्या बायका येतात. हळद कुणाचीही असो, पहिली चूल आत्याची. परातीत थापलेल्या भाकरीला ती भाकरी मानतच नाही. डावा तळहात आभाळाकडे, त्यावर उकडीचा ओला गोळा. उजव्याने थापायचं, डाव्याने फिरवायचं. बोलता बोलता भाकरी ताटाएवढी होते आणि तव्यावर जाते. पार कोन गावाहून तिला भाकऱ्यांसाठी निरोप येतात.

गेल्या माघात अंगणात मासळी धुताना ती घसरली आणि डाव्या हातावर पडली. मनगट वाकड्या पळीसारखं दिसायला लागलं. तिला आणि तिच्या यजमानांना, म्हणजे केसरीनाथ मामांना, मी गाडीत घालून भिवंडीला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर रुचिका तरुण, मोजकं बोलणारी. तिने एक्स-रे पाहिला, मनगट बधिर केलं, हाड ओढून जागेवर बसवलं. मी त्या वेळी खाली औषधं आणायला गेले होते, म्हणून पुढचं मला नंतर कळलं. डॉक्टरने विचारलं होतं, ''आजी, या हाताने काय काय काम करता?''

आत्याच्या आधी मामाच बोलले, ''काम कसला? ती घरीच असते.''

''हां, घरीच,'' आत्याने मान डोलावली.

मला अजून राग येतो. मामांचा तर येतोच, पण आत्याचाही येतो. जन्मभर राबलेली बाई, आणि कुणी विचारलं की घरीच असते! आमच्याकडच्या सगळ्या बायका हेच सांगतात आणि सगळे पुरुष ते खरं मानतात. डॉक्टरने बिचारीने ऐकलं त्यावर निर्णय घेतला. घरात वावरणारी वयस्कर बाई, हाड बऱ्यापैकी बसलंय, मग उगाच कापायचं कशाला? प्लॅस्टर घातलं आणि आठवड्याने बोलावलं.

आठवड्याने एक्स-रे काढला, तर प्लॅस्टरच्या आत हाड सरकलेलं. या वेळी मी तिथेच बसले होते.

''हाड मागे झुकलंय आणि थोडं आखूड झालंय,'' डॉक्टर म्हणाली. ''असंच जुळू दिलं तरी दुखणं थांबेल. ताट धरता येईल, वेणी घालता येईल. फक्त तळहात पुरता वर वळणार नाही. तुमचं वय आणि काम पाहता असंच राहू द्यावं, असं मला वाटतं.''

''झाला तर मंग,'' मामा उठायलाच लागले.

आत्या बसूनच होती. तिने धडधाकट उजवा हात पुढे केला आणि तळहात वर वळवला. ''इतका पन न्हाय वळनार?''

''नाही. यापेक्षा बराच कमी.''

''मंग भाकर कशी थापू?''

''परातीत थापा ना, आजी.''

आत्याने तिच्याकडे असं पाहिलं की मला भीतीच वाटली. शेवटी मी तोंड उघडलं. हळदी, चुली, निरोप, सगळं सांगितलं. डॉक्टरने आत्याला थापायची क्रिया चांगल्या हाताने करून दाखवायला लावली, पुन्हा पुन्हा. मग डॉक्टर चिडलीच. ''हे आधी कुणी सांगितलं का नाही? मग माझं उत्तर वेगळं आहे. आत धातूची पट्टी आणि स्क्रू घालून हाड मापात बसवता येईल. पण भूल द्यावी लागेल, टाके येतील, पुढे महिनोन्महिने व्यायाम. हात पुरता वळेल याची हमी नाही. आणि ठरवायचं ते लवकर ठरवा. हाड वाकडं जुळलं तर नंतर ते पुन्हा तोडून बसवावं लागेल.''

''भाकरीसाठी या वयात हात कापायचा?'' मामा म्हणाले. ''सून हाय की. विनिता करील भाकऱ्या.''

''विनिता करील,'' आत्या म्हणाली. ''मंग मी कशाला हाय?''

मामा उभे होते, ते खाली बसले. मग त्यांनीच डॉक्टरला विचारलं, ''कधी करताव?''

ऑपरेशन नीट झालं. व्यायामाच्या वेळी आत्याने डॉक्टरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पण एकही दिवस चुकवला नाही. तरी तळहात थोडा कमीच वळला. डॉक्टरने तो माप लावून पाहिला आणि यापुढे फारसा फरक पडणार नाही, असं सरळ सांगून टाकलं.

वैशाखात माझ्या भावाची, भाविकची हळद होती. बायकांनी पहिली चूल रिकामी ठेवली होती. आत्या बसली. पहिली भाकरी फिरवताना हातावरून घसरून राखेत पडली. दुसरी एका अंगाला फाटली. शेजारणी एकदम आपापल्या तव्यांकडे बघू लागल्या. बायकांच्या बाजूला कधी न फिरकणारे मामा लाकडांच्या ढिगापाशी येऊन उभे होते.

आत्याने डावं कोपर पोटाशी आवळलं, सगळं अंगच डावीकडे कलतं करून तळहात आभाळाकडे आणला आणि नवा गोळा हातावर घेतला. भाकरी गोल झाली, तव्यावर गेली आणि टम्म फुगली. तिने वर पाहिलंही नाही.

''उभे काय ऱ्हायलाव?'' ती मामांना म्हणाली. ''लाकडा आत सारा.''

मामा वाकले आणि जाळ सारू लागले.