बिन महमूदमधली टेकडी

माझ्या मुलाच्या मित्राइतका चुकीच्या शतकात जन्मलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. दोह्यात तो एका कंपनीत गटाराच्या पाइपांची ड्रॉइंग काढायचा. राहायचा बिन महमूदमध्ये, आमच्याच वरच्या मजल्यावर. मनानं मात्र दीडशे वर्षांपूर्वीच्या पॅरिसात, मोंमार्त्र नावाच्या टेकडीवर. तिथं म्हणे उपाशी चित्रकार एका खोलीत चौघं-चौघं राहायचे. "तसे चौघं इंडस्ट्रियल एरियातल्या मजुरांच्या खोल्यांत हवे तेवढे सापडतील," मी म्हटलं. "ते चित्रं काढत नाहीत, काकू." "त्यांना वेळ कुठाय?"

दोहा सपाट, टेकडी आणायची कुठून? मग आमची गच्ची हीच टेकडी. पॅरिसच्या टेकडीवर पवनचक्क्या होत्या, इथं एसीचे पंखे. कोपऱ्यावरची करक चहाची टपरी हा कलावंतांचा कॅफे. तिथं हा रंगांवर तासन्‌तास वाद घालायचा, तोही एकटाच. शेवटी चहावाला "खलास, भाई?" म्हणून कप उचलून न्यायचा. भर जूनमध्ये गळ्यात मफलर. मानेवर घामोळं उठलं तरी मफलर सुटला नाही.

मोंमार्त्रच्या चित्रकारांपुढे धोबिणी, शिवणकाम करणाऱ्या बायका बसायच्या. इथं मी. हिवाळाभर गच्चीवर मेथी निवडत बसले. चित्रात मेथी हिरवीगार यायची, चेहरा काही यायचा नाही. एक चेहरा नुसत्या नजरेनं जमला तर आपण चित्रकार, नाहीतर पट्टी लावणारे ड्राफ्ट्समन, असं त्यानं स्वतःशी ठरवून टाकलं होतं. म्हणून पुसायचा आणि पुन्हा काढायचा.

मग कंपनीनं त्याचा करार वाढवला नाही. जायच्या आदल्या दुपारी तो ऑफिसची मापाची त्रिकोणी पट्टी घेऊन वर आला. माझ्या नाकाला, कपाळाला पट्टी लावली, आकडे मांडले आणि संध्याकाळपर्यंत चेहरा उभा केला. मुलगा कामावरून आला. बघून म्हणाला, "वा, आता कुठं आई दिसली. यल्ला, चल, फोटो काढू."

"इमारतीचं काढतात तसं फ्रंट एलिव्हेशन आहे रे," तो चित्राकडे बघत म्हणाला. "बांधायला देता येईल."

मी हसले. तो हसला नाही. चित्र आमच्याकडेच ठेवून गेला.

आता नाशिकला एका बिल्डरकडे असतो. परवा फोनवर विचारलं, "काढतोस का काही?" "काढतो ना, काकू. पार्किंगचे प्लॅन." आवाज खणखणीत होता. "बायको म्हणते, आता तुम्ही माणसात आलात."

मला तो माणसात नव्हता तेव्हाच बरा वाटायचा. पण हे फोनवर कुठं सांगत बसायचं.