वसंताची थप्पी

कॉम्प्युटरच्या पडद्यावरची खोकी पडू नयेत म्हणून वसंता श्वास रोखून धरायचा. चौतीस वर्षांचा बाप्या काचेसमोर गाल फुगवून बसायचा, आणि खोकी पडायचीच.

माझ्या वरच्या खोलीत तो चार वर्षं राहिला. चंदगडकडचा. दिवसा छापखान्यात लग्नपत्रिका जुळवायचा, उरलेल्या वेळात कॉम्प्युटरवर स्वतःचा खेळ बनवायचा. खेळातला माणूस खोकी एकावर एक रचून उंच खिडकी गाठायचा. ती खोकी खऱ्यासारखी वागली पाहिजेत, हे वसंताचं वेड. असले खेळ बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीचा माणूस खेळ बघायला येणार होता, पसंत पडला तर नोकरी देणार होता. ती नोकरी लागली तरच पोरगी परत पाठवीन, असं सासऱ्यानं बजावलं होतं. बायको दोन वर्षं माहेरी बसली होती.

मी मार्केट यार्डात गुळाच्या गोदामात तीस वर्षं खोक्यांच्या थप्प्या लावल्या. म्हणून तो मला वर बोलवायचा. विचारायला नाही, दाखवायला. दोन खोकी उभी राहायची. तिसरं ठेवलं की सगळी थरथरायची, पाचवं ठेवलं की एकमेकांत रुतायची. मी म्हणायचे, "वसंता, तुझ्या खोक्यांस्नी हिवताप आलाय." एक बटण दाबलं की थप्पी परत लागायची. ते मी शिकून घेतलं, पुन्हा पुन्हा हसायला.

एकदा मी सांगितलं, खालचं खोकं बसल्याबिगर वरच्याला हात लावू नये. मान न वळवता तो म्हणाला, "मावशी, ह्यात गणित असतंय. चौथी पास बाईला न्हाय कळायचं." महिन्याभरानं त्यानं आकडेमोड खालून वर करायला घेतली आणि थरथर निम्मी झाली. कुणाचं ऐकून, ते बोलला नाही.

मग त्यानं आणखी एक युक्ती काढली. जे खोकं जेमतेम हलतंय त्याला झोपवून टाकायचं. झोपलेल्याकडे कॉम्प्युटरनं बघायचंच नाही. दहा खोकी भिंतीसारखी उभी राहिली. "उभं ऱ्हायलं म्हंजे झालं की," हे त्याचं नेहमीचं बोलणं. त्यानं बायकोला फोन करून सामान बांधायला सांगितलं.

रविवारी पुण्याचा माणूस आला. मी चहा घेऊन वर गेले. तो मान डोलवत होता, कामावर कधीपासून येता म्हणून विचारत होता. आमच्या गोदामात मुकादम खालचं खोकं ओढून बघितल्याशिवाय थप्पी पास करत नसे. कच्ची निघाली तर सगळ्यांसमोर उतरवून परत लावायला लावी. मी म्हटलं, "पावणं, खालचं खोकं वडून बघा की."

त्यानं ओढलं. वरची नऊ खोकी हवेत तशीच राहिली. झोपलेली होती, आधार गेला हे त्यांना कळलंच नाही. पाहुणा मोठ्यानं हसला, चहा संपवला आणि गाडीची वेळ झाली म्हणाला.

चार दिवसांत वसंतानं दुरुस्ती केली. खालचं हललं की वरच्याला जागं करायचं, एवढीच. मला बोलावून म्हणाला, "वडा." मी ओढलं. नऊच्या नऊ खाली आली. मी म्हटलं, "आता बरोबर हाय." त्यानं पुण्याला तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही, बायकोही आली नाही. तो चंदगडला काजूच्या कारखान्यात गेला आणि दोन वर्षांत काविळीनं मेला. त्याचा कॉम्प्युटर अजून वर आहे. त्यावर मी पापडाचे डबे रचते.

चंदगडला जाताना जिन्यात त्यानं एकच विचारलं होतं, "मावशी, पावणं यायच्या आदल्या दिवशी का न्हाय वडून बघितलंसा?"

"चौथी पास बाईला काय कळतंय त्यातलं," मी म्हटलं.

आदल्या दिवशी तो आंघोळीला गेला होता तेव्हा मी ओढून बघितलं होतं. नऊ खोकी हवेत लटकली. मी बटण दाबलं, थप्पी परत लावली आणि खाली येऊन दूध तापवलं.