शंकरच्या चार तबकड्या

शंकर गेल्याची बातमी मला सोमाटण्याच्या फाट्यावर कळली. पुण्याची मोटार धरायला उभा होतो. लोणावळ्याहून आलेल्या ड्रायव्हरने डोकं बाहेर काढून विचारलं, "मास्तर, तुमी अजून हितंच? तुमचे फिडलवाले गेले की सकाळी." मी उलट दिशेची मोटार धरली. वाटेत रडू आलं नाही. डोळ्यांपुढे सारखे अण्णासाहेब येत होते, आणि हाताच्या मुठी वळत होत्या…

शंकर आणि मी एकाच चित्रपट कंपनीत व्हायोलिन वाजवत होतो. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. पुरात वाहून गेलेल्या गावावर कंपनीने चित्रपट काढला आणि संगीत शंकरकडे दिलं. त्याने गाणी कमी केली, मोठा वाद्यमेळ बसवला आणि पुराच्या प्रसंगाला समूहगान हवं म्हणून थेट मावळातल्या बेडसे गावाला गेला. भातलावणी करताना तिथल्या बायका गायच्या, ते त्याच्या कानात बसलं होतं. त्यांची पुढारी सरूबाई. स्टुडिओत तिने मायक्रोफोनकडे बोट दाखवून विचारलं, "ह्ये निस्तं आयकतंय व्हय? डोळं न्हाईत ना त्याला? मंग लाजायचं कशाला!" आणि तालमीत बायका अशा गायल्या, की आमचा चेलोवाला गज खाली ठेवून नुसता बसून राहिला.

चित्रपट फार चालला नाही, पण त्या संगीताच्या चार तबकड्या निघाल्या. लोणावळ्याच्या बाजारातल्या हॉटेलात ग्रामोफोन होता. शंकर त्याच्याकडे पाठ करून बसायचा आणि लोकांचे चेहरे बघायचा. रेल्वेतला एक फायरमन म्हणाला, "घाटात मागून इंजिन रेटतं ना, तसं वाटतं. छाती भरून येते." एक कापडवाले शेठ वैतागले, "यात गाणं कुठंय? नुसतीच वाद्यं!" शंकरने त्यावरही मान डोलावली. मला हळूच म्हणाला, "खरं आहे रे, दुसरी तबकडी लांबलीच आहे." तिकोणा पेठ गावचे एक आबा मात्र तिसरी तबकडी पुन्हा लावायला सांगत राहिले. चहा गार झाला. "माजी बैलं गेलती पुरात," ते म्हणाले. "त्या राती आसंच आयकू आलतं." शंकर उठून बाहेर गेला, तो बराच वेळ आत आला नाही.

मग अण्णासाहेबांचा अभिप्राय छापून आला. ते पुण्यातले संगीताचे मोठे जाणकार, एका साप्ताहिकात लिहीत. त्यांनी लिहिलं, "हॉटेलात कपबश्या फुटाव्यात तसा वाद्यमेळ, आणि चिखलात रुतलेल्या बायकांचा कालवा." ते वाक्य पुण्यात तोंडोतोंडी झालं. लोक तबकड्या न ऐकताच हसू लागले. कंपनीने विक्री थांबवली आणि शंकरला नारळ दिला. अण्णासाहेबांना कंपनीने अभिप्रायासाठी पाठवलेला संच परत आला तेव्हा तो मीच उघडला. तीन तबकड्यांची पाकिटं चिकटवलेली होती, तशीच होती. सरूबाईला ते वाक्य कुणीतरी वाचून दाखवलं. ती एवढंच म्हणाली, "चिखलातच हुतो की आमी. त्याचाच भात खात्यात न्हवं ह्ये?"

त्यानंतर शंकरने लोणावळ्यात बंगलेवाल्यांच्या मुलांना व्हायोलिन शिकवून दिवस काढले. छातीचं दुखणं जडलं. पुन्हा एकही चित्रपट त्याला मिळाला नाही. पण अण्णासाहेबांविषयी वाईट शब्द त्याने कधी काढला नाही. तो कडू झाला नाही. त्याच्या वाटचा कडूपणा मी सांभाळला.

शोकसभा लोणावळ्याच्या वाचनालयात झाली. अण्णासाहेब आता इथेच स्थायिक झालेले, म्हणून अध्यक्षपद त्यांच्याकडे. शंकरच्या फोटोला हार घालून ते म्हणाले, "शंकररावांची प्रतिभा प्रथम ओळखली ती मी." मी उभा राहिलो. ते वाक्य मला पाठ होतं. कपबश्यांपासून कालव्यापर्यंत, एकही शब्द न गाळता म्हणून दाखवलं, आणि सांगितलं, "हे लिहिणारे गृहस्थ अध्यक्षांच्या खुर्चीत बसले आहेत." अण्णासाहेब पुटपुटले, "ही वेळ नव्हे." तेव्हा पहिल्या रांगेतून शंकरची बायको, मालतीवहिनी, बसल्या जागेवरूनच बोलल्या, "वेळ होती तेव्हा तुम्ही तीन तबकड्या उघडल्यासुद्धा नाहीत." अण्णासाहेबांनी काठी शोधली. ती खाली पडली होती. कुणीही उचलून दिली नाही. त्यांना वाकावं लागलं… म्हाताऱ्या माणसाला असं करू नये, असं दोघातिघांनी मला नंतर सुनावलं. मला बरं वाटलं होतं. अजून वाटतं.

हल्ली रविवारी संध्याकाळी मी वहिनींकडे जातो. अण्णासाहेबांचा बंगला त्यांच्या घरासमोरच आहे. वहिनी ग्रामोफोन खिडकीत ठेवतात, कर्णा रस्त्याकडे करतात आणि चावी देतात. वाद्यं सुरू झाली की समोरची खिडकी धाडकन लागते. ते ऐकायलाच मी जातो म्हणा ना. गेल्या रविवारी मात्र ती लागली नाही. अण्णासाहेब खुर्ची ओढून खिडकीशी बसले. मान खाली, एक हात कानामागे. तबकडीत पूर चढत होता. आता बायकांचे आवाज येणार, तोच वहिनींनी सुई उचलली.

"का हो?" मी विचारलं.

"ऐकायचं असेल तर इथे येऊन बसावं. तेवढी छाती आहे का?"

समोर तो हात अजून कानामागेच होता. वहिनींनी आमची खिडकी लावून घेतली, कर्णा शंकरच्या रिकाम्या आरामखुर्चीकडे फिरवला आणि तबकडी पुन्हा पहिल्यापासून लावली.