टाचणीने लावलेली चौथी चिठ्ठी

घरात कुणी भुताखेताची गोष्ट काढली की पहिली जांभई माझी असते. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. तरीही हे लिहितोय... कारण आभार मानायचे राहिलेत.

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरची गोष्ट. कोल्हापूरला विद्यापीठात एम.ए. करत होतो. दवाखाना लांब, म्हणून हॉस्टेलच्या आम्ही आठ-दहा जणांनी प्रथमोपचार पथक काढलं होतं. एक स्ट्रेचर, एक पेटी आणि बापू नावाचा कडक प्रमुख. दर शनिवारी दुपारी सराव. पथकातलीच काही पोरं आवारात कुठेतरी 'पेशंट' होऊन पडायची, बापू जांभळ्या शाईने दुखणं लिहून ती चिठ्ठी त्यांच्या खिशाला टाचणीने लावायचा, आणि आम्ही शोधून उपचार करायचे. मार्क बापू द्यायचा. मी कायम शेवटून पहिला!

त्या शनिवारी ग्रंथालयामागे, निलगिरीच्या झाडांखाली एक पन्नाशीचे गृहस्थ पडलेले दिसले. धोतर, टोपी बाजूला, अंग घामाने निथळतंय, तोंडाने काहीतरी बरळतायत. मला वाटलं, बापूने आज बाहेरचा नट आणलाय.

"वा पावणं, काय ॲक्टिंग!" मी म्हणालो.

तेवढ्यात एक शिपाई सायकलवरून जाता जाता ओरडला, "त्याच्या नादी लागू नका सायेब, टाईट हाय त्यो! मगाधरनं बघतोय."

मी हसलो आणि खिशावरची चिठ्ठी वाचली. 'घाम, थरथर, बडबड. दारू समजू नये. ताबडतोब गोड द्यावे.'

सरावात औषध द्यायचं नुसतं नाटक करायचं असतं. पण मला मार्क हवे होते, आणि मेसचं जेवण चुकल्यामुळे खिशात गूळ-शेंगदाणे होते. शेंगदाणे मी खाल्ले. गूळ चुरून थोडा थोडा त्यांच्या जिभेवर ठेवला. ते गिळत गेले, मी देत गेलो... दहा-पंधरा मिनिटांनी त्यांची नजर स्थिर झाली.

"उठा की आता, संपलं नाटक."

"कसलं नाटक?" ते क्षीण आवाजात म्हणाले. "मी हुपरीचा. पोरीचं मार्कलिस्ट न्यायला आलतो. साखरेचा आजार हाय. सकाळी सुई टोचून घेतली, आन् एस्टीच्या गडबडीत जेवायचं ऱ्हायलं बघा..."

मी ताडकन उठलो. पथकाला जोरात हाका मारल्या. खरा पेशंट स्ट्रेचरवर घ्यायची आमची ती पहिलीच वेळ. गावातल्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "अजून थोडा वेळ तसेच पडले असते, तर हाताला लागले नसते."

परत आल्यावर बापूपुढे चिठ्ठी ठेवली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली.

"मी आज तीनच लिहिल्या. हाड मोडलं, भाजलं, रक्त वाहतंय. तिन्ही पेशंट सापडले. ही माझी न्हाय."

"अक्षर तुझंच की!"

"अक्षर माझं हाय, शाईबी माझीच. पण वशा, साखर कमी होऊन माणूस असं करतंय हे मला आत्ता तुझ्याकडनं कळतंय! मी लिहू कसं?"

बापू चेष्टा करणाऱ्यातला नव्हता. हुपरीच्या पावण्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "डोळ्यापुढं अंधारी आली, बसलो. कोण जवळ आलं न्हाय."

पुढे मुलीच्या लग्नाला त्यांनी अख्ख्या पथकाला बोलावलं. अक्षता पडल्यावर स्वतः पंगतीत वाढायला आले. माझ्यापाशी थांबले आणि पाहुण्यांना म्हणाले, "ह्येनं मला वाचवला."

मी मान खाली घालून जेवत राहिलो. काय सांगणार? मी तर त्यांना नट समजत होतो. वाचवणारं कुणी दुसरंच होतं, आणि इतक्या वर्षांत त्याचा पत्ता लागलेला नाही. मानलेले आभार मात्र सगळे माझ्याकडेच पडून आहेत.