मोहाच्या फुलापुढे भाऊजी

चित्र पाहावं तर आमच्या भाऊजींनी. चित्रकाराचीही नंतर हिंमत होत नाही. गडचिरोलीत बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी रसग्रहण हा उद्योग धरला. सलूनमधल्या कॅलेंडरवरचा धबधबा त्यांनी असा समजावून सांगितला, की न्हाव्याने ऐकता ऐकता गिऱ्हाइकाची एक मिशी उडवली. चित्रापासून चार पावलं मागे सरून डोळे किलकिले करायची त्यांची पद्धत. अशाने एका लग्नात ते रांगोळी पाहता पाहता वरणाने भरलेल्या गंजात बसले आणि तिथूनच म्हणाले, "आत्ता दिसली बरोबर."

माझ्या ताईने साठीत जलरंग हाती घेतले. तिचं पहिलं चित्र म्हणजे कोऱ्या कागदावर मोहाचं एकच फूल. भाऊजींनी ते बैठकीत टांगलं आणि येईल त्याला पुढ्यात बसवलं. फुलाच्या मधोमध बारीकसं भोक होतं. भाऊजींच्या मते ती आधुनिक माणसाची पोकळी. पाहुण्यांचा चहा निवायचा, पोकळी भरायची नाही. ताई कपबशा उचलून आत जायची.

एकदा धानोऱ्याकडून चारोळी घेऊन येणारी मैनाबाई दारात आली. भाऊजींनी तिलाही सोडलं नाही. तिने पोकळी निमूट ऐकून घेतली, मग चित्राजवळ गेली.

"हे झाडावरचं नाई जी, पडलेलं हाये. झाडावरच्याले तांबूस टोपी रायते. आन् भोक तं पडलेल्या सगळ्याच मोहाले असते." मग ताईकडे वळून तिने विचारलं, "कोन्या झाडाखालचं, बाई?"

ताईचे डोळे भरून आले. इतक्या दिवसांत तिला कोणी काही विचारलंच नव्हतं. तळ्यामागच्या झाडाखालचं, ती म्हणाली. आठ दिवस पहाटे जात होती, रंग जमत नव्हता म्हणून. भाऊजी त्या आठही पहाटे घोरत होते. ते खाली बसले. मैनाबाई आणि ताई मोहाबद्दल बोलत राहिल्या, आणि चहा त्या दिवशी भाऊजींनी केला. साखर विसरले, पण केला.

पुढची दोन वर्षं मोहाच्या दिवसांत दोघं पहाटे बरोबर जायचे. यंदा ताईचा हात कापतो, ब्रश धरवत नाही. भाऊजी एकटेच जाऊन ओंजळभर फुलं आणतात, तिच्या उशाशी ठेवतात आणि चित्रासमोर बसतात. परवा मी विचारलं, काय दिसतं हो त्यात?

 ते हळूच म्हणाले, "अजून पाहून राह्यलो."